सरळ टेपेचं अंतर

नाही, पण मला सांगा, मी काय पाखरू आहे? मग पाखराचा रस्ता मला कशाला सांगायचा? माझा लेक हो, एवढा शिकलेला, मोबाइल नाकाला लावून म्हणतो, "आई, दोनशे दहा किलोमीटर. दहाला निघू, दोनला मावशीच्या पुढ्यात!" मावशी म्हणजे माझी धाकटी बहीण. कायमची परदेशी चाललेली, तिच्या मुलाकडे. संध्याकाळचं विमान, चारला आत जायचं. मी सत्त्याहत्तरची, ती बहात्तरची... आता नाही भेटलो तर कधी?

तुम्हाला सांगते, मला तेव्हाच शंका आली. म्हटलं, "अरे, मधे एवढा डोंगर आहे, तो काय बाजूला सरकून बसणार आहे?" तर म्हणतो कसा, "आई, तुला नकाशातलं कळत नाही." नाही कळत! शाळेचं तोंड नाही बघितलं मी. पण चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवलंय. बाहीचं माप हात कोपरात वाकवून घेतात, एवढं मला कळतं! ताठ हाताला सरळ टेप लावली की बाही तोकडी होते आणि गिऱ्हाईक अंगावर येतं.

निघालो. दोन तास झाले आणि रस्त्याकडेला पाटी. आकडे वाचता येतात हो मला, टेपेची कृपा. दोनशे पस्तीस! अजून! लेक म्हणतो, "पाटी चुकलीय." पाटी! ड्रायव्हर गालात हसला, "साहेब, तुम्ही हवाई अंतर बघितलंत. रस्त्यानं साडेतीनशेच्या वर आहे." हवाई! अरे, मी काय पाखरू आहे?

लेकाचं तोंड एवढंस्सं. "आई, नाही पोहोचणार आता. परत फिरू. व्हिडिओवर बोल तिच्याशी." व्हिडिओवर! म्हटलं, "गाडी पुढेच जाईल. तुला फिरायचं तर उतर आणि जा, हवाई जा!" ड्रायव्हरला विचारलं, "दादा, किती वेळ?" "आजी, कुठं थांबलो नाही तर चार तास." "मग थांबायचं नाही."

चहा नाही, पाणी नाही... पाणी प्यायलं की पुढचं आलंच ना! डोंगरात वळणावर वळण, लेक पांढराफटक, "आई, दोनच मिनिटं..." "पिशवी धर तोंडाशी!" दुसरं काय सांगू? मी काय पाखरू आहे, त्याला उचलून उडायला?

टेकलो तेव्हा चार वाजून पाच मिनिटं. विमानतळाच्या दारात धाकटी बॅगेवर ठाण मांडून बसलेली. तिला न्यायला आलेला तिचा मुलगा दंडाला धरून ओढतोय, "आई, ऊठ गं, बंद होईल!" आणि ही, "ताई आल्याशिवाय मी हलायची नाही!" मला बघितलं आणि पहिलं वाक्य काय? "किती गं उशीर!" सहा तास सगळं रोखून धरून आलेल्या बाईला! असा राग आला... आणि मग तिच्या गळ्यातच पडले. पाच मिनिटं मिळाली. पाचच. जाता जाता म्हणते, "ताई, आता तू यायचंस." आणि मी, रडण्याच्या भरात, "येईन" म्हणून बसले!

घरी येऊन लेकाला विचारलं, "तिचं गाव किती रे लांब?" बिचारा दोन पावलं मागे सरकून म्हणाला, "सात हजार किलोमीटर... हवाई आहे हं आई! पण रस्त्याचं विचारू नकोस, मधे समुद्र आहे."

आता काय करणार? शब्द दिलाय. चाललेय, पासपोर्टाचा फोटो काढायला.