ब्रेक नसलेली गाडी

कंडक्टर : मशीनचा हा मागचा डावा पाय जमिनीला टेकतच नाहीये, वहिनी. बघा, कागद आरपार सरकतोय खालून.

बायको : काल टेकत होता, भावजी. परवाही टेकत होता. आज सकाळी तुमच्या मित्राने त्याला पुन्हा पाना लावला.

ड्रायव्हर : फरशीला उतार आहे. वाटीत पाणी ठेवून बघितलंय मी.

बायको : ती वाटी गेले नऊ दिवस मशीनवर ठाण मांडून बसलीय. लेकीने एवढ्या हौसेने बापाला हे उभ्याने पेडल मारायचं व्यायामाचं मशीन पाठवलं, आणि त्यावर आजवर चढली कोण, तर माझी वाटी.

कंडक्टर : नऊ दिवस? मला फोनवर म्हणालास, काल आलं म्हणून!

ड्रायव्हर : काल जोडून झालं. त्याआधी ते खोक्यातलं लोखंड होतं. आणि आलं की लगेच चढायचं नसतं रे. ड्यूटीवर गाडी काढायच्या आधी मी चारी बाजूंनी फेरी मारतो की नाही? टायरला लाथ घालून बघतो की नाही?

कंडक्टर : बघतोस. एकोणीस वर्षं तुझ्या गाडीवर तिकिटं फाडतोय, मला माहीत नाही का? पण पाच मिनिटांत फेरी संपते आणि गाडी फाटकाबाहेर असते. सरक, पाना इकडे दे. हा पाय एवढा फिरवला की झालं. वहिनी, हलवून बघा बरं आता.

बायको : हं. ढिम्म हलत नाही.

ड्रायव्हर : खाली चटई नीट—

कंडक्टर : नीट आहे. मागे भिंतीपर्यंत दोन पावलं जागा आहे. ही खुर्ची तेवढी बाहेर नेतो, नाही तर पेडल मागे गेलं की तिलाच धडकेल. वायर कुठून नेलीय?

बायको : आता भिंतीकडेने नेलीय. आधी बरोबर चढायच्या जागी लोळत होती. मी अडखळले, तेव्हा कुठे साहेबांच्या लक्षात आलं.

ड्रायव्हर : लक्षात होतं. करणारच होतो.

कंडक्टर : माहितीचं पुस्तक कुठाय?

बायको : यांनाच विचारा, पाठ झालंय त्यांना. परीक्षेला बसवलं तर पहिले येतील.

कंडक्टर : बघू. 'सर्व बोल्ट प्रथम हाताने बसवून घ्यावेत, नंतर पान्याने आवळावेत.' केलंस?

ड्रायव्हर : मला शिकवतोस होय? पहिल्या दिवशी मी एकेक बोल्ट पार गच्च करत गेलो, तर शेवटचा भोकात जाईना. मग सगळे ढिले केले, हाताने बसवले आणि फेरीफेरीने आवळले. दोनदा बघितलं.

बायको : सहादा.

ड्रायव्हर : बरं, सहादा.

कंडक्टर : 'डावे व उजवे पेडल यांची अदलाबदल करू नये.' ठीक आहे, खुणा दिसतायत. 'लहान मुलांना व पाळीव प्राण्यांना दूर ठेवावे.'

बायको : या घरात दोन्ही तेच आहेत. त्यांना कसं दूर ठेवायचं, लिहिलंय का?

कंडक्टर : नाही लिहिलं, वहिनी. मग काय, वस्ताद? चढा.

ड्रायव्हर : आत्ता? जेवून किती वेळ झालाय?

बायको : तीन तास.

ड्रायव्हर : डॉक्टर म्हणाले होते—

बायको : डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगते, तिथे मी होते. सुरुवातीला एकट्याने करायचं नाही, कुणीतरी घरात हवं. जोर सगळ्यात कमी ठेवायचा. आठ मिनिटं, त्याच्यावर नाही. चालवताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना तर वेग कमी करायचा. छातीत दुखलं किंवा गरगरलं तर तिथेच बंद. आणि 'चढू नका' असं ते कुठेही म्हणाले नाहीत.

कंडक्टर : आणि महिनाअखेरीला तुझी मेडिकल आहे. त्यात तुला फिरत्या पट्ट्यावर चालवणार, दम बघणार. पास झालास तर स्टिअरिंग, नाही तर डेपोत चाव्यांची खोली. निवृत्त होईपर्यंत चाव्या मोजत बसशील.

ड्रायव्हर : चाव्यांच्या खोलीत पंखा चांगला आहे म्हणतात.

कंडक्टर : आहे. आणि त्याच्याखाली माणूस बसल्या बसल्या झोपतो. चढ.

बायको : थांबा. चपला काढून बूट घाला. आणि पायजम्याची ती नाडी आत खोचा, हातभर लोंबतेय. एखाद्या दांड्यात अडकली तर लाज जाईल ती वेगळीच.

ड्रायव्हर : झालं? अजून काही फर्मान?

कंडक्टर : हे मधले दांडे हलत नाहीत, ते धर. बाजूचे हलतात, त्यांना आत्ता हात नको. जे पेडल खाली आहे त्यावर आधी पाय. शाब्बास! आता दुसरा. टाचा टेकव. ताठ उभा राहा, पायांकडे नको बघू, समोर बघ. चला. अरे, चल की! थांबलास कशाला?

ड्रायव्हर : बेल.

कंडक्टर : काय?

ड्रायव्हर : डबल बेल दे. त्याशिवाय पायच हलत नाही माझा.

बायको : अहो, हा दिवाणखाना आहे!

कंडक्टर : असू द्या, वहिनी. जुनी सवय आहे. तो पेला आणि चमचा द्या इकडे.

(चमचा पेल्यावर दोनदा वाजतो आणि मशीन हळूहळू फिरू लागतं.)

बायको : अगंबाई, चाललं की!

कंडक्टर : छान! कसं वाटतंय?

ड्रायव्हर : आवाज येतोय.

कंडक्टर : तो तुझ्या बुटांचा आहे. हळू. अरे हळू, घाई काय आहे? मागे दुसरी गाडी लागलीय का? हळू म्हणतोय ना! थांब, थांब!

बायको : भावजी, पेला कशाला वाजवताय? अहो! अहो, धरा यांना!

कंडक्टर : धरलंय, धरलंय. सदरा फाटला तर फाटू दे. दांडा सोडू नकोस. पेडल थांबू दे आधी. थांबलं. आता खालच्या बाजूचा पाय जमिनीवर ठेव. आता दुसरा. लागलं का कुठे?

ड्रायव्हर : गुडघा आपटला जरा. या गाडीला ब्रेकच नाही!

कंडक्टर : पण उजवा पाय एवढा दणकून का मारलास?

ड्रायव्हर : तू सिंगल बेल दिलीस ना! सिंगल बेल म्हणजे थांब. थांब म्हटलं की उजवा पाय दाबायचा. पंचवीस वर्षं तेच करतोय मी.

बायको : अहो, पण तो पाय दाबला की हे अजून पळणार!

कंडक्टर : चूक माझी आहे, वहिनी. हात आपोआप पेल्यावर गेला. तरी पुस्तकात लिहिलं होतं : 'पेडल पूर्ण थांबल्याशिवाय उतरू नये, वेग हळूहळू कमी करावा.' पण लिहिणाऱ्याला काय ठाऊक, यावर बसचा ड्रायव्हर चढणार आहे आणि शेजारी त्याचा कंडक्टर असणार आहे!

बायको : हसू नका हो. नाही, हसा. मलाही हसू आवरत नाहीये.

ड्रायव्हर : हसा दोघंही. आणि लेकीला कळवून टाका, मशीन परत ने म्हणावं. ज्या गाडीला ब्रेक नाही ती मी डेपोबाहेर काढत नाही.

बायको : आज ब्रेक नाही. काल आवाज येत होता. परवा फरशीला उतार होता. त्याआधी एक वॉशर कमी होता, तो नंतर तुमच्याच खिशात सापडला. भावजी, तुम्हाला मी पाना फिरवायला बोलावलं नव्हतं. नऊ दिवस हा माणूस रोज हे उघडतो आणि रोज जोडतो. मशीन ठणठणीत आहे. सांगा ना त्यांना काय आहे ते. ते काय परके आहेत?

कंडक्टर : काय रे?

ड्रायव्हर : काही नाही.

कंडक्टर : मग मी जातो.

ड्रायव्हर : बस खाली. यावर चढायचं म्हटलं की छातीत धडधडतं.

कंडक्टर : व्यायाम आहे. धडधडणारच.

ड्रायव्हर : चढायच्या आधी धडधडतं. चढल्यावर काही नाही. मला भीती वाटते रे. हे चालवलं की मी फिट होणार. फिट झालो की गाडी देणार. गाडी दिली की मागे चाळीस माणसं बसणार. आणि परत तसं झालं तर? त्या दिवशी नशीब म्हणून वाचली सगळी. दर वेळी नशीब असतं का?

कंडक्टर : नशीब?

ड्रायव्हर : नाही तर काय? मला शाळेच्या वळणापर्यंत आठवतं. छातीत कळ आली, घाम फुटला. पुढचं काहीच नाही. एकदम दवाखान्याचं छत. गाडी कशावर तरी घासून थांबली असेल. कुणी मेलं नाही एवढं मला सांगितलं, तेवढ्यावर तीन महिने काढले. पुढचं विचारायची हिंमत झाली नाही.

कंडक्टर : वहिनी, याला कुणी काहीच सांगितलं नाही?

बायको : तो विषय काढू नका म्हणाले होते डॉक्टर. आणि मला तरी कुठे माहीत आहे? तुम्हीही कधी बोलला नाहीत.

कंडक्टर : मला वाटलं, याला आठवतंय आणि नको आहे. अरे बाबा, ऐक. गाडी कशालाही घासली नाही. वळण संपलं आणि तू वेग कमी केलास. मला वाटलं, कुणी आडवं आलं. मग तू इंडिकेटर दिलास. गाडी कडेला घेतलीस. हँडब्रेक ओढलास. दोन्ही दारं उघडलीस. आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकवलंस. अडतीस माणसं आपापल्या पायांनी खाली उतरली. एक बाई तर माझ्याशी भांडली, स्टॉप पुढे आहे, इथे का थांबवलीत म्हणून.

ड्रायव्हर : इंडिकेटर दिला मी?

कंडक्टर : दिलास. मागे एक टेंपो होता, तो त्यामुळेच थांबला. त्याच टेंपोवाल्याने तुला उचलायला हात लावला.

ड्रायव्हर : तू बेल दिली असशील.

कंडक्टर : मी मागच्या सीटपाशी सुट्टे परत देत होतो. बेलला हातसुद्धा लावला नाही. तू आपल्या मनाने थांबवलीस.

बायको : अहो... पाणी देऊ का?

ड्रायव्हर : नको. धूळ गेली डोळ्यात.

बायको : हो का? नऊ दिवस पुसून पुसून चकचकीत केलेल्या मशीनवरची धूळ!

ड्रायव्हर : तू गप गं. हे बूट घट्ट आहेत का, बघ जरा. दांडा हा ना, न हलणारा?

कंडक्टर : हा. खालच्या पेडलवर आधी पाय. आणि आता बेल नाही. वहिनी, तो पेला घेऊन जा बघू आत. तुझं तू सुरू कर, तुझं तू थांबव.

ड्रायव्हर : उजवा पाय दाबायचा नाही.

कंडक्टर : दाबायचा नाही. नुसता जोर काढून घ्यायचा. चढावर गाडी आपोआप हळू होते ना, तसं. चल. आणि बोलत राहा.

ड्रायव्हर : काय बोलू?

कंडक्टर : काहीही. रूट म्हण.

ड्रायव्हर : डेपो. पाण्याची टाकी. मंडई. तिथे पाच मिनिटं जातात, हातगाड्या हलत नाहीत. कोर्ट. कोर्टाला सगळे एकदम चढतात आणि तोंडं पाडून बसतात.

बायको : दोन मिनिटं झाली. दम लागतोय का हो?

ड्रायव्हर : बोलतोय ना? जुना दवाखाना. पोस्ट. लायब्ररी. तिथे तो टोपीवाला म्हातारा चढतो.

कंडक्टर : परवा विचारत होता. तुमचे ड्रायव्हर कुठे आहेत, हा नवीन फार गचके देतो म्हणाला.

ड्रायव्हर : देतच असणार. क्लच कळत नाही पोरांना. मैदान. शाळेचं वळण.

कंडक्टर : पुढे?

बायको : भावजी, राहू दे हवं तर.

कंडक्टर : पुढे काय आहे रे?

ड्रायव्हर : पुढे गोदाम. मग कारखान्याचं फाटक. तिथे पाळी सुटलेली असते, दार लावायला जागा राहत नाही. मग वसाहत. मग शेवटचा स्टॉप, चहाची टपरी.

बायको : आठ मिनिटं झाली.

ड्रायव्हर : कळलं. घेतोय कमी. अजून कमी. हं... थांबली.

कंडक्टर : गुडघा?

ड्रायव्हर : शाबूत आहे. आता हा पाय खाली, मग हा. नाडीसुद्धा आत आहे, बघून घे.

बायको : घामेजलात. बसा. हे घ्या पाणी, घोटघोट प्या. दुखतंय कुठे?

ड्रायव्हर : पोटऱ्या बोलतायत. छाती गप्प आहे. काय रे, मेडिकलला अर्ज लागतो ना? कुठल्या खिडकीवर मिळतो?

कंडक्टर : माझ्या पिशवीत आहे. पंधरा दिवस झाले.

ड्रायव्हर : मग दिला का नाहीस इतके दिवस?

कंडक्टर : तू मागितला नव्हतास.