भटजींचं चीज

विजयदुर्गच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहत बसलेल्या दाजी भटांची एकादशी होती; दूध उपासाला चालतं, म्हणून शेजारी बसलेल्या सावित्रीने दिलेला चीजचा तुकडा त्यांनी निःशंकपणे तोंडात टाकला. डबा तिच्या खलाशी मुलाने विलायतेहून आणला होता. तिने तो पलीकडे बसलेल्या इब्राहिमपुढेही धरला.

“इब्राहिमभाई, तुमीय घेवा. निस्ता दूध आसा.”

“नको गो. मी बोटीर रांधूक होतंय, माका ठावक आसा. विलायतेत दूध वासराच्या पोटातल्या रसान गोठवतत. वासरू कसा कापला ता कळल्याबिगर माका चलाचा नाय. मौलवींक इचारतंय.”

“वासरू? अगे बाये! भटजीबुवा, थुका आदी!”

“गिळलंय.”

“आता ओ?”

दाजींनी उपरण्याने ओठ पुसले.

“इब्राहिम, मौलवींक नीट इचार हां. चलता म्हणाले, तर माकाय कळव.”