पहिल्या दौऱ्याआधी

व्हायोलिन दुरुस्तीच्या दुकानात बाकावर आम्ही तिघं होतो. माझ्या शेजारी एक म्हातारे वादक आणि त्यांच्या पलीकडे, उद्या पहिल्याच दौऱ्यावर निघालेली एक मुलगी.

"व्हायोलिनची पेटी कधी गाडीच्या टपावर टाकायची नाही. मांडीवर घ्यायची."

"तीन महिने मांडीवर, काका?"

"तान्ह्या पोरासारखी. आणि जादा तारा बॅगेत नको, खिशात ठेव. बॅग चुकते, खिसा चुकत नाही. नवे बूट घेतलेस?"

"कालच."

"ते राहू देत घरी. जुनेच घाल. पाय सोलले की वाजवण्यात लक्ष लागत नाही. हॉटेलात खोलीचा नंबर कागदावर लिहून ठेवायचा. सगळ्या खोल्या सारख्याच दिसतात. मी एकदा भलत्याच दाराला किल्ली लावत बसलो होतो."

"मग?"

"आतून बाई ओरडली. पळता भुई थोडी झाली! हसू नकोस. आणि नवं गाव आलं की आधी घरी फोन. दोनच शब्द, 'पोचले मी.'"

"घरी उचलणारं कोणी नाही, काका. आई होती, ती मागच्या वर्षी गेली."



"मग माझा नंबर घे. पोचलीस एवढंच सांग. दुसरं काही बोलायला नको."

त्यांनी नंबर सांगितला.

"लावून बघते हं."

त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला आणि हातात धरून नुसते बघत राहिले.

"उचला ना, काका."

"वाजू दे जरा. बऱ्याच दिवसांनी वाजलाय."

तिनं फोन ठेवला नाही.