पोरीला खरचटू नको, महाराजा

आणि वर मलाच म्हणतात, मालनकाकू, पोरीला बाकावर तुम्हीच बसवलीत. आता मला सांगा, पोरगी तिकडे लुधियानात, मी इकडे रत्नागिरीत, माझ्या स्वयंपाकघरात, हाताला बांगड्याच्या कालवणाचं वाटण लागलेलं... मी तिला बाकावर बसवायला इथून हात लांब केला का? पण नाही. सगळ्या वाडीत एकच बोलणं, मालनने तोंड घातलं म्हणून असं झालं. मी आपली शेजारीण, मला काय करायचंय?

तुम्हाला सांगते, नीट पहिल्यापासून सांगते, कारण यांचं ऐकाल तर मीच चोर ठरेन. आमच्या समोर राजश्री राहते. नवरा निलेश बोटीवर कामाला, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. मुलगी एकच, राही, नववीला. ही राही बास्केटबॉल खेळते. खेळते म्हणजे काय, दुसरं काही करतच नाही. यांच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, फणस आहे, त्या फणसाला जुन्या पिंपाचं कडं ठोकलंय, आणि सकाळ-संध्याकाळ आपलं धप, धप, धप. मी आमसुलं वाळत घातली की चेंडू आलाच सुपात. एकदा तर आख्खा चेंडू लालेलाल, आणि ही विचारते कशी, "काकू, पुसून देता का? ओल्या चेंडूची पकड सुटते." आमसुलांचं काही नाही, चेंडूची पकड. आणि गुडघे! लोकांच्या मुली फ्रॉक फाडतात, ही गुडघे फाडते. खळं सगळं जांभ्या दगडाचं, पडली की चामडी गेली. हळद मीच लावायची, कारण राजश्रीला रक्त बघवत नाही. मी काही बोलत नाही हो, मी आपली शेजारीण.

तर ही राही महाराष्ट्राच्या संघात निवडली गेली. शाळांची राष्ट्रीय स्पर्धा, लुधियानाला. वाडीत कोणी एवढ्या लांब गेलेलं नाही, सैन्यातला एक सोडला तर. शाळेच्या मृणाली मॅडम घरी आल्या, चहा झाला, मी सहज साखर मागायला गेले होते म्हणून माझ्या कानावर पडलं. मॅडम म्हणाल्या, "तिथं पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीची माणसं बघायला येतात. राही खेळताना त्यांच्या नजरेला पडली तर तिचं सोनं होईल." आणि राजश्री काय म्हणाली? "मॅडम, यंदा जाऊ दे. पण तिथं नुसती बाकावर बसून परत आली ना, तर कडं काढणार मी फणसाचं. पुढं दहावी आहे. क्लास लावायचा, चेंडू माळ्यावर." राही दाराआड उभी होती. तिचं तोंड असं झालं, की मला साखर न घेताच परत यावं लागलं.

म्हणून मीच म्हटलं, एवढी लांब जाते लेक, गाऱ्हाणं घाला. आमच्याकडे कुठल्याही कामाला देवासमोर गाऱ्हाणं घालूनच निघायचं. वाडीचा मान हरिश्चंद्रभाऊंचा. ते देवाला सगळं मोठ्याने सांगतात, बाकीच्यांनी मागून "व्हय महाराजा" म्हणायचं, आणि शेवटी नारळ. सगळे देवळात जमलो. भाऊंनी आवाज लावला. "बा देवा महाराजा, हे तुझं लेकरू परमुलखात खेळायला निघालंय. वाटेत काय आडवं आलं तर बाजूला कर." व्हय महाराजा. "चारचौघांत तिचं नाव कर." व्हय महाराजा. झालं, कोयता वर गेला... आणि मला आठवले ते गुडघे. हळद लावायला लुधियानात कोण आहे तिला? माझ्या तोंडून गेलं, "आणि पोरीला खरचटूसुद्धा नको हो, महाराजा." सवयीने सगळे म्हणाले, "व्हय महाराजा." आणि नारळ फुटला.

आता यात वाईट काय मागितलं मी?

पहिला सामना झाला. राहीचा फोन. राजश्रीने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, आणि माझी खिडकी उघडी होती. "जिंकलो आई." "तू खेळलीस?" "नाही." दुसरा सामना. "जिंकलो." "लागलं-बिगलं नाही ना गं?" "लागणार कशाला, आई? मी उतरलेच नाही."

उतरलीच नाही. म्हणजे खरचटण्याचा प्रश्नच नाही. राजश्रीने फोन ठेवला आणि खिडकीतून सरळ माझ्याकडे बघितलं. मी पडदा ओढला. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं, देवाने मालनचं ऐकलं म्हणून. इतकी वर्षं मी स्वतःसाठी देवाजवळ काय काय मागतेय, गुडघेदुखी जाऊ दे, नळाला पाणी येऊ दे, तिकडे त्याचं लक्ष नाही, आणि नेमकं हे एक वाक्य त्याने धरून ठेवलं!

मग आला तिसरा सामना, केरळशी. हरले की सामान बांधायचं आणि घरी. सगळी राजश्रीच्या घरी टीव्हीसमोर. मोबाईलवरून टीव्हीला काहीतरी जोडलं होतं मृणाली मॅडमनी. रेंज अशी, की मुलगी उडी मारायची आणि मधेच लटकून राहायची. समुद्रातून निलेशचा व्हिडिओ कॉल, तो फोन माझ्याकडे दिलेला, कारण राजश्री टीव्हीवरून नजर काढायला तयार नव्हती. "काकू, राही कुठाय?" "बाकावर आहे, तुला दाखवते." "काकू, तुमच्या कानातलं दिसतंय फक्त." केरळच्या मुली, काय सांगू, माडासारख्या. आमची राही बाकाच्या टोकाला, मांडीखाली हात घालून बसलेली. तिची जर्सी इतकी कोरी, की इस्त्रीची घडी दिसत होती. राजश्री हळूच म्हणाली, "फणसाचं कडं उद्या काढून टाकते." रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते. ती रडवेली होऊन म्हणाली.

मध्यंतर झालं आणि मी उठले. म्हटलं, असं कसं, जे मागितलं ते परत घेता येत असेलच की. धावत गेले हरिश्चंद्रभाऊंकडे. भाऊ पंचा नेसून दाढी करत बसलेले, अर्धी झालेली, अर्ध्या तोंडावर साबण. म्हटलं, "भाऊ, गाऱ्हाण्यात दुरुस्ती करायचीय." ते म्हणाले, "गो मालन, देव काय रेशन ऑफिसात बसलाय, दुरुस्ती करून द्यायला? एकदा मागितलं ते मागितलं." म्हटलं, "पोरीचा जन्म बाकावर जाईल." तेव्हा वस्तरा ठेवला त्यांनी. म्हणाले, "नारळ नवा लागेल. आणि तोंड घातलंस तू, तर देवासमोर तूच उभी राहायचीस." कालवणासाठी काढून ठेवलेला नारळ मी उचलला. देवळापर्यंत जायला वेळ कुठला? राजश्रीच्या खळ्यात, देवळाच्या दिशेला तोंड करून सगळे उभे राहिलो. भाऊ अर्ध्या साबणात. निलेश माझ्या हातात, बोटीसकट.

"बा देवा महाराजा, त्या दिवशी या मालनबायने, कोणी विचारलं नसताना, मधे तोंड घातलं."

व्हय महाराजा. इतक्या जोरात म्हणाले सगळे, की कावळे उडाले. मृणाली मॅडम मूळच्या साताऱ्याच्या, त्यांना आमचं हे काही माहीत नाही, तर त्यांचा आवाज सगळ्यात मोठा.

"तर तिचं बोलणं मनावर घेऊ नको. थोडं खरचटलं तरी चालेल. पण पोरीला मैदानात उतरव."

व्हय महाराजा. आणि कोयता वर गेल्यावर राजश्री म्हणते, "थोडंच हां, महाराजा." तिला कोणी काही बोललं नाही. ती आई ना. मी आपली शेजारीण.

आत आलो तर खेळ सुरू झालेला. शेवटचा भाग. आपली एक उंच मुलगी, सगळा भार तिच्यावर, तिचा पाचवा फाऊल झाला. मॅडम म्हणाल्या, "पाच झाले की बाहेर. आता कोणीतरी आत जाणार." आमचा श्वास अडकला आणि रेंजही तिथंच अडकली. पडद्यावर सगळ्या पुतळे. चित्र हललं तेव्हा बाक दिसला... आणि बाकाच्या टोकाला कोणी नव्हतं.

उतरली! तुम्हाला सांगते, ती माडासारख्या मुलींच्या पायांतून अशी निसटायची, जशी आमच्या खळ्यात माझ्या सुपामागून निसटायची. निलेश ओरडतोय, "काकू, मला दाखवा, मला दाखवा," आणि मी त्याला छातीशी धरून बसलेली. एक चेंडू बाहेर चालला होता, त्यावर हिने झेप घेतली, पोटावर घसरली, आणि खाली पडल्या पडल्याच आपल्या दुसऱ्या मुलीकडे टाकला. तिने थेट टोपलीत! राही उठली, गुडघ्यातून रक्त. आणि राजश्री, जिला रक्त बघवत नाही, ती उभी राहून म्हणते, "खरचटलं! काकू, खरचटलं तिला!" आणि माझ्या गळ्यात पडली. हरिश्चंद्रभाऊंचा सुकलेला साबण माझ्या खांद्याला. पोरीचा गुडघा फुटला म्हणून हसणारी माणसं तुम्ही दुसरीकडे कुठं बघितलीत?

सामना हरलो. एका टोपलीने हरलो. पण दुसऱ्या दिवशी मॅडम सांगत आल्या, प्रबोधिनीच्या माणसांनी राहीला चाचणीला पुण्याला बोलावलंय. निवड होईलच असं नाही, पण नाव विचारून घेतलं. मॅडम असंही म्हणाल्या, की कोचने तिला मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवली होती, वेगवान आहे म्हणून. भाऊ म्हणाले, असेल, आणि उरलेली दाढी करायला गेले. आणि राजश्री? मी विचारायच्या आत म्हणाली, "दहावी काय, पुण्यातही असते."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. म्हटलं, आता पुण्याला निघण्याआधी पुन्हा गाऱ्हाणं घालायला हवं. तर राजश्री म्हणाली, "हो काकू, गुरुवारी घालायचं ठरलंय. त्या दिवशी तुम्ही सावर्ड्याला तुमच्या बहिणीकडे जाऊन या ना. किती दिवस म्हणताय." एसटीचं तिकीट हातात. खिडकीची जागा, तेवढी मात्र चांगली बघून काढलेली.

जाते बापडी. पोरीचं भलं होत असेल तर जाते. शिवाय बहिणीच्या शेजारणीचा नवरा सरपंचाला उभा आहे म्हणे... गाऱ्हाणं तिथंही असेलच.