संगीतकारांच्या रांगेतली शेवटची जागा

— अहो, अहो, डबा! पाय लागेल ना! थांबा, मीच मांडीवर घेतो. गरम आहे अजून. सूप आहे, सूप. माझं नाही हो — मी कशाला पिऊ असलं? ना मीठ, ना मिरी, नुसते रव्याचे गोळे तरंगतायत बिचारे. टोबिशचं आहे ते, माझ्यासारखाच एक म्हातारा संगीतकार. डॉक्टरनं मीठ तोडलंय त्याचं, आणि तो पडला चोरटा, शेजारणीला मस्का लावून खारवलेलं डुकराचं मांस मागवतो — म्हणून मी रोज स्वतः नेतो आणि समोर बसून पाजतो. काय झालं? असे काय बघताय डब्याकडे? बसा ना, हेर इंजिनिअर, म्हणजे इंजिनिअरसाहेब. ती तुमची मोजायची टेप काही पळून जात नाही, आणि इथल्या मंडळींना कसलीच घाई नसते. इंजिनिअर नाही? असू द्या हो, व्हिएन्नात माणसाला एक पायरी वर चढवून हाक मारली तर कुणी रागावत नाही. मला सगळे हेर प्रोफेसर म्हणतात, आणि मी जन्मात कुठे शिकवलेलं नाही. एगोन प्रोहास्का. संगीतकार. ...नाही ऐकलं? हरकत नाही. ऐकलंय म्हणाला असतात तर मीच दचकलो असतो.

तर काय सांगत होतो — हां, जागा. तुम्ही खुंट्या ठोकताय ना, ती जागा. बागकामवाले ना तुम्ही? फुलं लावणार असाल तर पिवळी नकोत, पिवळा रंग मला सोसत नाही. मला काय म्हणजे? जागा माझी आहे ती! म्हणजे — होणार आहे. इकडून कबरी बघा: ते बेटहोवन, ते शूबर्ट, मग बाकीचे थोर, मग जरा कमी थोर, मग ज्यांची नावं फक्त त्यांच्या बायकांना आठवायची आणि आता बायकाही गेल्या, असे — आणि मग ही रिकामी जागा. पुढे पाण्याचा नळ. नळाच्या पलीकडे नटमंडळी सुरू होतात. म्हणजे संगीतकारांच्या रांगेतली ही शेवटची. नटांच्या शेजारी मी झोपणार नाही, त्यापेक्षा जिवंत राहीन. दफनभूमीच्या समितीच्या बाईंकडे गेलो मी, चांगला काळा कोट घालून. म्हटलं, बाई, तेवढी मानाची जागा माझ्या नावावर करून टाका. बाई म्हणतात, हेर प्रोफेसर, आधी मरावं लागतं. म्हटलं, ते करीन हो, पण जागा धरून ठेवा. म्हणतात, धरून ठेवत नाही आम्ही — रांगेत तुम्ही आणि ते वाद्यवृंद चालवणारे हेर कापेलमाइस्टर टोबिश असे दोघे आहात, दोघेही लायक, आधी येईल त्याला मिळेल. वर हसतात!

आता माझी पंचाईत लक्षात घ्या. नाही, थांबा, मध्ये बोलू नका, विचार तुटतो. जागा हवी तर टोबिशच्या आधी मरायला हवं. बरोबर? पण मला मरायचं नाहीये. मला अजून चार तंतुवाद्यांची चौथी चौकडी लिहून पुरी करायचीय, दात नवे बसवलेत, कशाला मरू? पण मी नाही मेलो आणि टोबिश मेला, तर तो आयत्या बिळावर नागोबा! मग उपाय काय? उपाय एकच — टोबिशला मरू द्यायचं नाही. डोळ्यांत तेल घालून जपायचं. सूप, लोकरीचे मोजे, पावसात बाहेर पडू नको, जिना सावकाश चढ. त्याच्या छातीला मी स्वतः कापूर चोळलाय हो, त्या केसाळ छातीला! आणि तो गाढव आहे असं समजू नका. त्याचंही डोकं त्याच दिशेनं चालतं. दर सोमवारी माझ्याकडे माशाच्या तेलाची बाटली येते. पिववत नाही, पण पितो. काय करणार? तो दाराशी उभा असतो, चमचा घेऊन.

गेल्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला. तेव्हा माझ्या मनात आलं, एगोन, जागा आली हातात, आता फक्त प्रतिकार करू नकोस. छान पडून राहिलो होतो. तर हा माणूस चार जिने चढून वर! गुडघे गेलेत त्याचे, दर पायरीला आईची आठवण काढत आला, आणि दारातूनच ओरडला — ‘चोरा! मला फसवून निघालास होय? ऊठ!’ डॉक्टर आणला. रात्रंदिवस खुर्ची टाकून बसला. आणि बसला तर गप्प बसावं की नाही? माझ्या तिसऱ्या चौकडीची स्वरलिपी हातात. म्हणतो, ‘हे चेलोचं काय करून ठेवलंयस मधल्या भागात? दोन व्हायोलिनं बाजारात भांडल्यासारखी भांडतायत आणि चेलो आपला खिडकीतून बघतोय! हे दुरुस्त केल्याशिवाय मरायला तोंड आहे का तुला?’ मी तापात उठून बसलो! म्हटलं, चेलो बघत नाहीये, मूर्खा, चेलो वाट बघतोय! मग काय, पहाटेपर्यंत वाद. ताप उतरला. डॉक्टर म्हणाले औषध लागू पडलं. औषध कसलं डोंबलाचं!

बाय द वे — तुम्हाला सांगतो, कुणाला बोलू नका — चेलोचं त्याचं बरोबर होतं.

संगीताचं म्हणाल तर त्याला काडीची अक्कल नाही. तुताऱ्या! जिथे तिथे तुताऱ्या. दुःख झालं तुताऱ्या, प्रेम झालं तुताऱ्या, चर्चसाठी लिहिलेल्या एका मासमध्ये प्रार्थनेच्या ऐन मध्यावर त्यानं असल्या तुताऱ्या काढल्या की पाद्रीबुवांच्या हातून पेला सांडला. पण ऐकायला — ऐकायला मात्र बसावं तर त्यानंच. माझ्या तिसऱ्या चौकडीला सभागृहात कोण होतं माहितीय? दिवे मालवणारा, एका वादकाची आई, आणि टोबिश. पहिल्या रांगेत, मधोमध. आई झोपली. टोबिश डोळे मिटून बसला होता, पण झोपला नव्हता, त्याचा अंगठा चालला होता ना गुडघ्यावर, मी बघत होतो. संपल्यावर टाळी नाही वाजवली. चष्मा काढून पुसत बसला. दिवेवाला मला म्हणतो, ते म्हातारे रडत होते. रडतोय कसला, चष्मा पुसत होता! काच धुरकट झाली तर माणूस पुसणार नाही? ...बराच वेळ पुसत होता, हे खरं.

आणि माझी अंत्ययात्रेची धून! ती सांगितलीच नाही तुम्हाला. नाही नाही, आधी ऐका, मग तुमचं सांगा. माणसाची अंत्ययात्रा देखणी हवी, हे काय मी तुम्हाला सांगायचं, या गावात लोक जन्मभर त्याचीच तर तयारी करतात. मी आपली धून स्वतःच लिहिली. दुसऱ्याच्या धुनीवर मी जाणार नाही. त्या फाटकापासून या जागेपर्यंत दहादा चालून बघितलं, गुणगुणत, हात हलवत — धून लांब पडते, वाट आखूड! मग काय करायचं? धून कापायची? छे! प्रेत नळाला एक वळसा घालून आणायचं असं ठरवलं. टोबिशला वाजवून दाखवली पियानोवर. म्हणतो, ‘शेवट रेंगाळतो रे. मेलेल्यालासुद्धा कंटाळा येईल. ते शेवटचे सूर काप.’ मी म्हटलं, तुझ्या तुताऱ्या काप आधी! आठवडाभर बोललो नाही त्याच्याशी. सूप नेलं, पण बोललो नाही.

मे महिन्यात तर मी त्याला इथेच पकडला. मी इथे येणाऱ्या एकाहत्तर नंबरच्या ट्राममधून उतरतो — लोक ती एकदाच धरतात, शेवटची, मी रोज धरतो आणि रोज परतही जातो — उतरून बघतो तर काय, साहेब माझ्या जागेवर आडवे! गवतात, हॅट पोटावर ठेवून! म्हटलं, ऊठ, लाज वाटत नाही? म्हणतो, ‘झाडाची सावली कुठवर येते ते बघतोय. छान येते. तूही बघ.’ मग — झालो मीही आडवा. बघायला नको? अरुंद आहे हो जागा, खांद्याला खांदा घासतो. पण सावली खरंच छान येते. पक्षी ओरडत होता कुठला तरी, टोबिश म्हणाला कोमल गांधार, मी म्हटलं शुद्ध, त्यावरून पुन्हा जुंपली. तेवढ्यात माळी आला शिव्या देत. दोन म्हातारे, उठता उठवेना, एकमेकांना धरून उठतोय आणि हसतोय... काय हसलो हो.

काय म्हणताय? आज का नाही दिलं सूप? तेच तर! काल भांडलो. कशावरून — मी म्हटलं तुझा श्वास घरघरतोय, डॉक्टरला बोलावतो. तर म्हणाला, ‘दमलोय मी, एगोन. ही तुझी माझी शर्यत पुरे आता. घे ती जागा तू.’ मला असा राग आला! घे म्हणजे काय? भीक आहे? मी म्हटलं, तुझ्या मेहेरबानीची जागा मला नको, आणि दार आपटून निघालो. आज सकाळी गेलो तर दार उघडीना. घंटा वाजवली, काठी आपटली. रुसलाय लेकाचा. मग मी दारातूनच सुनावलं — रुसूबाई, म्हातारी भोपळीण, तुझ्या सगळ्या तुताऱ्या भंगारात घाल, सगळ्या जिन्याला ऐकू गेलं असेल. तरी दार बंदच. म्हटलं, नक्की इथे आला असणार, आडवा व्हायला. म्हणून डबा घेऊन तसाच आलो. आला होता का हो? तुम्ही सकाळपासून इथे आहात. हॅटवाला, खांद्यांनी रुंद, बोलायला लागला की समोरच्याचं ऐकतच नाही असा...

बरं, सांगा तुम्ही. केव्हाचे तोंड उघडताय आणि मी आपला बडबडतोय. सांगा. फुलं कुठली लावताय?

...टोपी का काढलीत?

घाला. घाला आधी ती डोक्यावर! ऊन आहे.

बागकामवाले नाही तुम्ही.

कधी? ...पहाटे. झोपेत. शेजारीणच आली समितीला कळवायला. ...झोपेत होता म्हणताय. म्हणजे मी घंटा वाजवत होतो तेव्हा — म्हणजे रुसला नव्हता तो. आणि मी काय काय बोललो त्याला दारातून. भोपळीण म्हणालो.

जिंकलास रे, चोरा. घे म्हणालास आणि स्वतःच घेतलीस.

आता चौथी चौकडी कुणाला ऐकवू मी? दिवेवाल्याला? ...नाही, काही नाही, डोळ्यांत कचरा गेला. ती धून तयार आहे, वादकांना माझं नाव सांगा, तीच वाजेल. शेवटचे ते सूर कापतो आज. रेंगाळतात खरे.

उठा. टेप घ्या. आणि ही खुंटी इथे नको, जरा इकडे सरकवा. आणखी. नळाला टेकली तरी चालेल. समितीच्या बाईंना सांगा, प्रोहास्का म्हणाला दोघं मावतात. खांदे घासतात, पण मावतात, आम्ही आडवं होऊन बघितलंय. आणि हा डबा न्या तुम्ही. न्या हो, गरम आहे अजून, मला नाही प्यायचं. मीठ नाही त्यात. ...असं उभं राहून माझ्याकडे काय बघताय? जा. मोजा जा.