गाडी वळायला जागा

छबूबाई : ते राहू द्या, भावजी. आधी हे सांगा, ही पांढऱ्या फक्कीची रेघ माझ्या गोठ्यातून कुनी वढली?

सहादू : पानी तरी प्या, वैनी. दिसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलाय.

छबूबाई : पेते पानी. रेघ कुनी वढली?

सहादू : एस्टीचं सायब आलं हुतं दुपारी. मुक्कामी गाडी मंजूर झाली, वैनी. सांजच्याला येनार, रातभर गावात थांबनार, सकाळी शेवगावला. तुमी तर किती दिस वाट बघताय.

छबूबाई : लई चांगलं झालं. पर ती माझ्या गोठ्यात मुक्काम करनार हाय का?

सहादू : तसं न्हाई. वळाया जागा लागती. सायब म्हनलं, जागा द्या, न्हाईतर गाडी फाट्यावरनंच माघारी जाईल. लगेच चावडीवर ग्रामसभा घेतली. दवंडी दिली हुती की.

छबूबाई : दवंडी दिली तवा मी खडीच्या ढिगावर. तिथं कुनाची दवंडी येती?

सहादू : लोकांनी हात वर केले.

छबूबाई : तुमी?

सहादू : केला.

छबूबाई : आन माझा कुनी वर केला?

सहादू : सरपंच म्हनले, छबूबाईची काय हरकत? आता सभेत बायकांनी यायची आपल्यात रीत न्हाई. घरच्या बाप्यानं सांगायचं. दादा गेल्यापास्नं तुमच्या घरचा बाप्या म्हंजी मीच. तुमच्या वतीनं सांगून टाकलं, वैनीची हरकत न्हाई.

छबूबाई : काय बघून सांगितलं?

सहादू : गोठा रिकामाच हाय. गाय चाऱ्याच्या छावनीत गेली...

छबूबाई : छावनीत गेलीय, मेली न्हाई. पाऊस झाला की येनार ती. तवा काय एस्टीच्या चाकाला बांधू?

सहादू : आमच्या गोठ्यात बांधू की.

छबूबाई : मंग ती हळूहळू तुमचीच व्हईल. या दुष्काळात भांडीकुंडी इकली मी, पर गाय इकली न्हाई. तिच्यावर माझी चूल चालनार हाय. उद्या गोठाच ऱ्हायला न्हाई, तर लोक म्हनतील, बाई, कशाला सांभाळती, इकून टाक. तुमी बी म्हनाल.

सहादू : मी कशाला म्हनीन?

छबूबाई : हरकत न्हाई म्हनाला तसंच.

सहादू : गाडी गावासाठी हाय, वैनी. दादाचं आठवा. बैलगाडीत घातलं, आन शेवगाव यायच्या आत...

छबूबाई : मला आठवा म्हनू नका. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर हुतं. बायका गोळा करून गाडी मागायला शेवगावला चालत कोन गेलं? मीच ना? गाडी मला बी पायजे. एक निरोप धाडला असता तर हातातला हातोडा टाकून आले असते.

सहादू : घाई हुती.

(सहादूची बायको मालनबाई कुडाशी येऊन उभी राहते.)

मालनबाई : घाई कसली? खरं हाय ते सांगा की त्यांना.

सहादू : तू घरी जा.

मालनबाई : जाते. पर सभेवरनं आल्यापास्नं ह्यांनी भाकरीला हात लावला न्हाई, जाऊबाई. इचारलं तर आधी म्हनले, पोट दुखतंय; मंग खरं बोलले.

छबूबाई : काय सांगायचं ऱ्हायलंय, भावजी?

सहादू : सायबानं... सायबानं आधी आमच्या खळ्यावर बोट ठिवलं हुतं.

छबूबाई : तुमच्या खळ्यावर?

सहादू : रस्त्याला लागून हाय, सपाट हाय. पाडायचं काय न्हाई. समदे राजी हुते. माझ्याच तोंडातून गेलं, आमच्या वैनीचा गोठा रिकामा हाय, तिकडं बघा म्हनून.

छबूबाई : खळ्यावर दोन वर्सं दाना पडला न्हाई तुमच्या.

सहादू : न्हाई पडला.

छबूबाई : मंग ते बी रिकामंच की.

सहादू : बापजाद्याचं खळं, वैनी. वाटलं, एकदा गाडीखाली गेलं की परत आपलं म्हनता यायचं न्हाई.

छबूबाई : आन हा गोठा तुमच्या दादांनी हातानं बांधला. कुडाच्या काठ्या तुमीच आनून देत हुता.

सहादू : त्येच दुपारपास्नं डोळ्यापुढं येतंय. फक्की टाकताना दोरीचं एक टोक मला धराया दिलं. मी धरलं बी. लाज वाटती मला, वैनी. दादा असता तर माझं थोबाड फोडलं असतं.

छबूबाई : ते असते तर तुमी इकडं बोटच केलं नसतं.

मालनबाई : मी मघाच म्हनलं ह्यांना, सरपंचाकडं जा.

सहादू : जातो ना. आधी ही रेघ पुसतो.

छबूबाई : पाय लावू नका तिला.

सहादू : का?

छबूबाई : गावाला दिसू द्या. सायब परत कवा येनार?

सहादू : उद्या सकाळी. जागा पक्की कराया. समदे जमतील चावडीवर.

छबूबाई : मी बी येते.

सहादू : चावडीवर? अवो, बायका...

छबूबाई : माझा गोठा तर माझ्या आधी जाऊन आला तिथं. मला काय हुतंय?

मालनबाई : मी येते तुमच्यासंगं, जाऊबाई.

सहादू : तुमी कशाला तरास घेता? मी बोलतो समदं. वैनीला इचारलं नव्हतं, वैनीची हरकत हाय, असं...

छबूबाई : न्हाई, भावजी. माझ्या वतीनं आता काय बी बोलायचं न्हाई. मी असनार हाय तिथं, माझं मी बघीन. तुमी तुमचं बोला. खळं माझं हाय, ते घ्या, म्हना.

सहादू : एवढ्या लोकांत?

छबूबाई : त्याच लोकांत.

सहादू : अवघड हाय, वैनी.

छबूबाई : ठावं हाय मला. म्हनून तर तुमी माझ्या वतीनं बोलला.