गुरुवारच्या आत

सुदानमधल्या ओमदुर्मान शहरात बेकरीपुढच्या रांगेत बतूल आणि नफीसा, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोघी शेजारणी, माझ्यापुढे कुजबुजत होत्या.

“नफीसा, फौजेतल्या लेकाचा फोन आला का गं?”

“आला. म्हणाला, आई, गुरुवारच्या आत घर सोड.”

“वार नीट ऐकलास?”

“ऐकला. का गं?”

“माझा तिकडे बंडखोरांत आहे ना. तोही गुरुवारच म्हणाला.”

“अगं, पण टीव्हीवर दोन्ही सेनापती तहाची बोलणी करताहेत!”

“करू देत. त्यांच्या आया काय इथे राहतात?”

“हळू बोल, कुणी ऐकेल.”

“ऐकू दे!” बतूल माझ्याकडे वळली. “बाई, तुझं कोण आहे लढाईत?”

“कुणीच नाही.”

“मग तुला कोण सांगणार? पाव घे आणि आजच नीघ.”